जुना पोलिओ शोधायचा तर आधी तीन तारखा विचारा

माझ्या आत्याची डावी पोटरी इतकी बारीक आहे की माझ्या एका मुठीत मावते. ती १९५१ ची. लहानपणी आम्ही विचारलं की घरात सगळे एवढंच सांगायचे, "तापात पाय गेला". कुठला ताप, कधी आला, किती दिवस होता, डॉक्टर आला होता की नाही, पुढे कुणी काही सांगायचं नाही.

मी गोव्यातल्या फोंड्याकडची, प्राथमिक शाळेत शिकवून रिटायर झाले आणि आता आमच्या आजूबाजूच्या वाड्यांवर आत्यासारखे जे म्हातारे-म्हाताऱ्या आहेत त्यांची नोंद करते. पहिल्या वर्षी मी नाव, गाव आणि कुठला पाय एवढंच लिहून आणलं. वही भरत आली तेव्हा कळलं की या वहीतून एकाही प्रश्नाचं उत्तर निघत नाही, म्हणजे हा पोलिओच होता का, त्या वेळी लस मिळत होती का, मिळाली असेल तर तिचा उपयोग झाला का, काहीच नाही. सगळ्या घरी परत जावं लागलं आणि तेवढ्या काळात दोन जण गेलेसुद्धा, त्यांची माहिती त्यांच्याबरोबरच गेली. ते अजून मनाला लागतं. म्हणून हे लिहितेय, तुम्ही पेडण्यात, सांग्यात, काणकोणात असं काम करणार असाल तर पहिल्याच दिवशी वहीत तीन रकाने आखा. ताप कधी आला, लस कधी घेतली, आणि ताप उतरल्यावर पाय परत कधी बघितला. या तीन तारखा मिळाल्या तर ती केस, नाहीतर नुसती आठवण.

ही तिसरी तारीख कशाला असं सगळे विचारतात, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

अमेरिकेत १९५२ साली पोलिओच्या ५७,८७९ केसेस नोंदल्या गेल्या, तिथल्या इतिहासातलं ते सगळ्यात वाईट वर्ष. पण त्या काळी पायातली ताकद गेलेली एक दिवस जरी दिसली तरी तो लकव्याचा पोलिओ म्हणून लिहायचे, आणि लकवा नसलेला नुसता ताप आणि मान आखडणं हेपण पोलिओतच धरायचे, त्यात कॉक्ससॅकीसारख्या दुसऱ्याच व्हायरसच्या केसेस मिसळलेल्या असायच्या. १९५५ पासून नियम बदलला. आजार सुरू झाल्यावर १० ते २० दिवसांत एकदा तपासायचं आणि परत ५० ते ७० दिवसांत तपासायचं, दुसऱ्या वेळीसुद्धा कमजोरी असेल तरच लकवा मोजायचा. आता १९५५ लाच साल्कची लस पण आली. म्हणजे १९५७ मध्ये केसेस साडेपाच हजारांच्या आसपास उतरल्या त्यात लशीचा वाटा मोठाच होता, पण थोडा वाटा मोजायची पट्टी बदलल्याचा पण होता. लशीला नावं ठेवायला हे सांगत नाही, उलट लशीचं काम इतकं मोठं होतं की ते कडक पट्टीने मोजलं तरी दिसतंच, आणि म्हणूनच पट्टी कडक ठेवायची. तुमच्या वहीत दोन महिन्यांनंतरही पाय तसाच होता याचा काहीतरी पुरावा पाहिजे. डॉक्टरचा कागद असला तर उत्तमच, नसला तर एखादा फोटो चालेल, शाळेत उशिरा घातल्याची नोंद चालेल, आईने दीड वर्ष तेल चोळलं ही आठवणसुद्धा चालेल.

आता विचारायचं कसं ते सांगते, कारण निम्मं काम इथेच बिघडतं.

"तुम्हाला पोलिओ झाला होता का" असं कधीच विचारायचं नाही. टीव्हीवर दो बूंद बघून बघून आता सगळ्यांनाच तो शब्द माहीत आहे, माणूस पटकन हो म्हणतो. "पाय कधीपासून असा" एवढंच विचारायचं आणि गप्प बसायचं. आणि आपल्या वाड्यांवर 'ताप' न म्हणता 'जोर' म्हणा, म्हातारी माणसं तोच शब्द वापरतात. आत्याला मी दहा वेळा ताप ताप करत होते, ती म्हणे आठवत नाही, आणि एक दिवस सहज म्हणाली, "म्हाका जोर आयिल्लो तेन्ना चवथ लागीं पाविल्ली". म्हणजे ताप आला तेव्हा गणेश चतुर्थी जवळ आली होती. झालं, महिना मिळाला! चवथीच्या आधी म्हणजे ऐन पावसाळा, आणि आपल्या देशात पोलिओ जास्त पावसाळ्यात आणि त्याच्या आगेमागेच व्हायचा, त्यामुळे ते जुळलंसुद्धा. काही घरांत लकवा म्हणत नाहीत, "वारं गेलं" म्हणतात, तेपण कान देऊन ऐका.

साल मात्र कुणी सांगत नाही, ते आपण काढायचं. गोवा पोर्तुगीजांकडून मुक्त झाला त्याच्या आधी की नंतर, म्हणजे डिसेंबर १९६१ ची हद्द मिळते. मग भाऊसाहेब बांदोडकर निवडून आले त्याच्या आधी की नंतर, ती पहिली निवडणूक डिसेंबर १९६३ ची. मग ओपिनियन पोल, म्हणजे गोवा महाराष्ट्रात घालायचा की नाही याचं मतदान, जानेवारी १९६७. त्याच्याही आधीचं असेल तर घरातल्या जन्मांवरून काढा. तेव्हा तुम्ही रांगत होता की चालत होता, धाकटा भाऊ झाला होता का, त्याला पाळण्यात घातला होता का. भावाचा जन्म तालुक्याच्या सिव्हिल रजिस्ट्रारकडे लिहिलेला असतो, पोर्तुगीज काळातल्या त्या नोंदी आपल्याकडे चांगल्या आहेत, त्यावरून साल दोन-चार महिन्यांपर्यंत आणता येतं. एकट्या शाळेच्या रजिस्टरमधल्या जन्मतारखेवर मात्र भरवसा ठेवू नका. मी स्वतः ती रजिस्टरं भरलेली आहेत, ज्यांना तारीख माहीत नव्हती त्या सगळ्या मुलांचे जन्म जूनमध्ये पडलेले असतात.

पुढचं काम म्हणजे पोलिओ नसलेले बाजूला काढणं, आणि यात घाई करू नका. जन्मल्यापासूनच पाय वाकडा असेल तर तो पोलिओ नव्हे. पाय कडक असेल, ओढल्यासारखा असेल, बोलण्यात किंवा हातांतही जन्मापासून फरक असेल तर तोही बहुतेक नव्हे. पोलिओचा पाय लुळा असतो, बारीक होतो, वाढ खुंटल्याने आखूड राहतो, बहुतेक वेळा एका बाजूला जास्त आणि दुसऱ्या बाजूला कमी असतो, आणि लकवा तापाबरोबर दोन-चार दिवसांत येतो, वर्षभर हळूहळू येत नाही. सगळ्यात महत्त्वाची गोष्ट स्पर्शाची. पोलिओत स्नायू जातात पण चामडीचं कळणं जात नाही. आमची आत्या चुलीपुढे बसलेली असताना निखाऱ्याची ठिणगी उडून त्याच पायावर पडायची आणि ती झटकन हाताने पाय ओढून घ्यायची, पाय आपला आपण हलत नव्हता पण चटका बरोब्बर कळत होता. हे मी लहानपणी शंभर वेळा बघितलंय आणि त्याचा अर्थ मला साठीत कळला. बधिरपणा असेल तर दुसरा आजार, तो वेगळ्या पानावर लिहा.

एक अवघड प्रकार आहे. "ताप आला, कंपाउंडरने ढुंगणावर इंजेक्शन दिलं आणि पाय गेला." अशी गोष्ट प्रत्येक तालुक्यात सापडते आणि घरचे त्या इंजेक्शन देणाऱ्याला आजही शिव्या देतात. यात दोन शक्यता असतात. सुई नसेला लागून पाय गेला असेल, तेव्हा पायाला बधिरपणा किंवा मुंग्या असतात आणि बिघाड बहुतेक त्याच क्षणी येतो. किंवा पोलिओचा व्हायरस आधीच अंगात होता आणि सुई टोचलेल्या जागी लकवा ओढला गेला. हे दुसरं काही मनाचं नाही, ब्रिटनमध्ये ब्रॅडफर्ड हिल आणि नॉवेल्डन यांनी १९५० मध्ये आकडे मांडून दाखवलं होतं की नुकतंच इंजेक्शन घेतलेल्या मुलांत लकवा त्याच हातापायात जास्त येतो. म्हणून कुठल्या अंगाला सुई आणि किती दिवसांनी पाय गेला एवढं लिहून ठेवा, दोष कुणाचा ते तुम्ही ठरवू नका.

आता लशीचा रकाना. "आम्ही लस घेतली होती" असं म्हातारी माणसं ठासून सांगतात आणि दंडावरचा वण दाखवतात. तो वण देवीचा किंवा बीसीजीचा, पोलिओच्या लशीने वण पडत नाही. आपल्याकडे 'देवी काढल्या' हा शब्दच लशीसाठी रूढ होता, त्यामुळे विचारताना सुई होती की तोंडात थेंब, कितीदा, कुठे हे वेगवेगळं विचारा. आणि सालं डोक्यात पक्की ठेवा. साल्कची टोचायची लस १२ एप्रिल १९५५ ला अमेरिकेत मंजूर झाली, त्याच्या आधी ज्याचा पाय गेला त्याच्या घरच्यांनी लस दिली नाही असं म्हणणं म्हणजे अन्याय आहे, चाचण्या सोडल्या तर लस जगात कुणाला मिळतच नव्हती. सेबिनची तोंडाने द्यायची लस १९५९-६० मध्ये सोव्हिएत रशियात कोट्यवधी लोकांना दिली गेली आणि अमेरिकेत १९६१ पासून मंजूर होत गेली. आपल्या देशात सरकारी लसीकरणाचा मोठा कार्यक्रम १९७८ ला सुरू झाला, पोलिओचे थेंब त्यात १९७९ ला आले, आणि पल्स पोलिओ देशभर १९९५ पासून. म्हणजे १९६५ ला जन्मलेला कुणी "सरकारी दवाखान्यात थेंब घेतले" म्हणत असेल तर कागद मागा.

डोस घेऊन पण पाय गेला असं कुणी सांगितलं तर लगेच खोटं ठरवू नका. वेल्लोरला डॉ. टी. जेकब जॉन यांनी सत्तरच्या दशकात दाखवून दिलं की आपल्याकडच्या मुलांत थेंबांच्या तीन डोसांनी तेवढं संरक्षण येत नाही जेवढं थंड देशांत येतं, जास्त डोस लागतात. शिवाय लस थंड ठेवावी लागते, वाटेत बर्फ वितळला की संपलं. म्हणून डोसची तारीख आणि तापाची तारीख या दोन्हींमधलं अंतर हवंच, डोस आधी घेतला की पाय गेल्यावर घाबरून घेतला हे त्याशिवाय कळणारच नाही.

तारखांनी काय होतं ते १९५५ च्या एप्रिलमध्ये सगळ्या जगाने बघितलं. लस मंजूर होऊन दोन आठवडे पण झाले नव्हते आणि टोचलेल्या मुलांना लकवा झाल्याच्या बातम्या येऊ लागल्या, आणि लकवा पायात नव्हे तर ज्या दंडात सुई दिली त्याच दंडात. अमेरिकेच्या सरकारी साथरोग केंद्रातले अलेक्झांडर लँगमुइर आणि त्यांच्या टीमने प्रत्येक केसमागे टोचल्याची तारीख, लकव्याची तारीख, टोचलेला हात आणि लस कुठल्या कंपनीची, कुठल्या लॉटची म्हणजे कुठल्या खेपेतली हे लिहायला लावलं. कागद एकत्र आल्यावर बोट कटर कंपनीच्या लॉटांकडे गेलं, त्यात जिवंत व्हायरस राहिला होता. ती लस २७ एप्रिलला परत घेतली, दुसऱ्याच दिवशी पोलिओवर नजर ठेवणारं वेगळं युनिट सुरू झालं. नुसतं 'लस घेतली, लकवा झाला' लिहिलं असतं तर सगळीच लस बदनाम झाली असती आणि पुढे वाचलेली मुलं वाचली नसती, माझ्या मते पोलिओच्या अख्ख्या गोष्टीत कागदाने केलेलं हे सगळ्यात मोठं काम. त्यामुळे जुनं कार्ड कुणाकडे सापडलंच तर त्यावरचा लॉट नंबर पण उतरवून घ्या, अक्षर लागत नसलं तर फोटो काढा.

मग हिशोब. लशीचा परिणाम मोजायची रीत १९५४ च्या मोठ्या चाचणीतून शिकावी. थॉमस फ्रान्सिस या मिशिगनच्या प्रोफेसरांनी ती चालवली, १८ लाखांहून जास्त मुलं त्यात होती. एका भागात २,००,७४५ मुलांना लस दिली आणि २,०१,२२९ मुलांना दिसायला तसंच पण लस नसलेलं द्रावण दिलं, बाटल्यांवर फक्त कोड, टोचणाऱ्याला आणि तपासणाऱ्याला कुणालाच माहीत नाही कुठल्या मुलाला काय गेलं. लकवा झाला लशीवाल्यांत ३३ जणांना आणि दुसऱ्यांत ११५ जणांना. दर लाखामागे काढलं तर १६ आणि ५७. ५७ मधून १६ वजा केले ४१, ४१ ला ५७ ने भागलं की ०.७२, म्हणजे शंभरातले ७२ लकवे टळले. आणि लकव्याबरोबर लकवा नसलेला पोलिओपण धरला तर आकडे २८ आणि ७१ होतात, टळलेले शंभरात ६१ च येतात. लस तीच आणि मुलं तीच, फक्त केस कशाला म्हणायचं ते ढिलं केलं की लस कमी ताकदीची दिसायला लागते. यासाठीच तिसऱ्या तारखेचा एवढा आग्रह.

त्याच चाचणीत अजून एक आकडा आहे आणि तो मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलाय. ज्या मुलांच्या आईवडिलांनी भाग घ्यायलाच नकार दिला त्यांच्यात पोलिओ लाखामागे ४६, आणि तयार झाले पण द्रावण मिळालं त्यांच्यात ७१. लस दोघांनाही नाही, मग फरक कसा? तर तयार होणारी घरं जास्त करून शिकलेली, खातीपिती, स्वच्छ. अशा घरातल्या बाळाला अगदी तान्हेपणी, आईकडून मिळालेलं संरक्षण असताना, व्हायरस भेटतच नाही आणि मग मोठेपणी भेटला की लकवा करतो. आपल्यासाठी याचा अर्थ असा की वाड्यावर लस घेतलेले आणि न घेतलेले असे दोन गट करून सरळ तुलना केली तर चुकेल, कारण लस आधी मिळाली ती रस्त्याजवळच्या आणि हातात पैसा असलेल्या घरांना. त्याच घरातली भावंडं, त्याच वाड्यावरची त्याच वयाची मुलं अशी जोडी लावा.

भागायला खालचा आकडा पण लागतो. किती जणांपैकी? गावच्या शाळेचं जुनं जनरल रजिस्टर मिळालं तर त्या सालातली मुलं मोजता येतात, पण शाळेत न आलेल्या मुली त्यात नसतात आणि पाय गेलेल्या मुलाला कित्येक घरांनी शाळेत घातलंच नाही, म्हणून जन्माच्या नोंदींशी ताडून बघा. १९६० मध्ये अख्ख्या गोव्याची लोकसंख्या सहा लाखांच्या थोडी आतच होती, त्यामुळे एका गावात तुम्हाला दोन-तीन माणसं मिळतील आणि तीसुद्धा खूप झाली. तेवढ्यावर टक्के काढू नका, तालुक्याचं एकत्र आल्यावर काढा.

शाळेतली लंगडणारी मुलं मोजून मागचा पोलिओ काढायची पद्धत काही आपण शोधलेली नाही. आफ्रिकेत घानामध्ये डान्फा भागात १९७४ ला तशी मोजणी केली. तोपर्यंत लोक म्हणायचे की गरीब उष्ण देशांत पोलिओ फारसा नाही, आणि मोजल्यावर हजार शाळकरी मुलांमागे सुमारे ७ जणांत पोलिओचा लंगडेपणा सापडला. कुणी मोजलं नव्हतं म्हणून नव्हता असं वाटत होतं. पण ही पद्धत जिवंत राहिलेल्यांनाच पकडते. श्वासाचे स्नायू जाऊन जी मुलं वारली ती यात येत नाहीत, पूर्ण बरी झालेली येत नाहीत, आणि व्हायरस अंगात शिरलेल्या दोनशे जणांत एखाद्यालाच लकवा होतो त्यामुळे बाकीचे तर कुठेच दिसत नाहीत. म्हणून प्रत्येक घरात शेवटी हळूच विचारा, त्या वेळी तुमच्यातलं किंवा शेजारचं कुणी लहान पोर तापात गेलं का. उत्तर यायला वेळ लागतो, कधी दुसऱ्या भेटीत येतं.

मेलेल्या मुलांसाठी मृत्यूच्या नोंदी बघाव्या लागतात आणि त्या पोर्तुगीजमध्ये. 'पोलियोमियेलीत' आणि 'पारालिझिया इन्फांतील' हे दोन शब्द कुणा जाणत्याकडून मूळ स्पेलिंगमध्ये कागदावर लिहून घ्या आणि तो कागद समोर ठेवून पानं चाळा. खेड्यात डॉक्टर न बघता मूल गेलं असेल तर कारणाच्या जागी नुसता ताप सापडेल, तो पोलिओत धरू नका. पणजीला पुराभिलेख खात्यात आणि पाटोच्या सेंट्रल लायब्ररीत जुने पेपर बघायला मिळतात, 'ओ हेराल्दो' १९०० पासूनचा आहे. बातमीवरून साथीचा महिना लागला तर लागला, बातमीतला आकडा मात्र केस म्हणून वहीत चढवू नका. काही मुलांना उपचारासाठी मुंबईला नेलं जायचं, १९५५ मध्ये हाजी अलीला केंद्र सरकारची पुनर्वसनाची संस्था निघाली, पण १९५५ नंतर मुक्तीपर्यंत आपल्या हद्दीवर नाकाबंदी होती, त्या वर्षांतल्या मुलाचे मुंबईचे कागद नाहीत म्हणून आश्चर्य करू नका.

दोन गोष्टी मात्र जपा. वहीत नावाच्या जागी नंबर आणि नावांची यादी वेगळी, घरच्या कपाटात, व्हॉट्सॲपवर कधीच नाही. आणि बोलताना कुणी म्हणालं की गेल्या पाच-सात वर्षांत चांगला पायसुद्धा थकायला लागलाय, गिळताना त्रास होतो, तर वही मिटून त्यांना मेंदू-नसांच्या डॉक्टरकडे जायला सांगा, पोलिओ झालेल्यांना पंधरा-चाळीस वर्षांनी परत अशी कमजोरी येऊ शकते आणि पुष्कळ जण ते म्हातारपण समजून अंगावर काढतात.

आत्याची ओळ अजून अर्धी होती. पहिल्या रकान्यात १९५३, चवथीच्या आधी. ते साल धाकट्या काकाच्या जन्माच्या दाखल्यावरून निघालं, तो तेव्हा सव्वा महिन्याचा होता. दुसऱ्या रकान्यात 'लस नव्हती'. तिसरा कोरा, कारण तिला कुणी डॉक्टरने परत बघितलंच नव्हतं आणि पायाला आधार द्यायचा कॅलिपर तर मुक्तीनंतर कधीतरी आला, चामड्याच्या पट्ट्यांचा, त्याचे पितळी बकल ती अजून चिंचेने घासते. मागच्या महिन्यात मोठ्या काकांच्या मुंजीचा फोटो सापडला. सगळी पोरं ओळीने उभी आहेत आणि आत्या टोकाला, उजव्या हाताने ओसरीचा खांब घट्ट धरून, डावी टाच जमिनीला न टेकलेली. फोटोच्या मागे आजोबांच्या अक्षरात साल आहे, १९५८. तिसऱ्या रकान्यात मी तेच लिहिलं.